अनामत

खोली रिकामी करून घेताना घरमालक भिंतीवरचे खिळे मोजतो, नळ सोडून पाहतो, पंख्याचे बटन दाबून पाहतो. आणि भाडेकरू जिन्यात उभा राहून अनामत रकमेपैकी किती हाती पडेल याचा अंदाज बांधीत असतो. या दोघांतील तंटे सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु रक्कम एकदा परत आल्यावर, त्याच खोलीत एका कुकरमधला भात खाल्लेल्या दोन मित्रांत जो वाद उभा राहतो, त्याची वाच्यता सहसा होत नाही. तो घरात मुरतो. सांगली आणि इचलकरंजी येथील दोन व्यापारी घरांत असा एक वाद अकरा महिने मुरत राहिला. भाडेकराराची मुदत असते तेवढाच काळ.

दोन्ही घरे एकमेकांना जुनी ओळखत होती. बाहुबलीच्या यात्रेत दोन्हीकडची बायकामाणसे एकत्र बसून जेवलेली होती. सांगलीच्या घराचा गणपती पेठेत घाऊक किराणा, इचलकरंजीच्या घराचा सुताचा व्यापार. एका घरचा मुलगा सनदी लेखापालाच्या कार्यालयात उमेदवारी करण्यासाठी पुण्यास गेला, दुसऱ्या घरचा संगणकाच्या कंपनीत लागला, तेव्हा दोघांनी एकत्र राहावे हे कोणी ठरवावे लागले नाही. जून २०१८ मध्ये सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली. अनामत ८०,००० रुपये. दोन्ही घरांनी निम्मे निम्मे, म्हणजे ४०,००० भरले.

दोघांचे चांगले जमले. चातुर्मासात सांगलीच्या मुलाला ऑडिटच्या कामातून सूर्यास्तापूर्वी खोलीवर पोचणे जमत नसे, तेव्हा इचलकरंजीचा मुलगा दुपारच्या सुट्टीत दुचाकीवरून त्याचा डबा त्याच्या कार्यालयात नेऊन देई. घरून भडंग आले की ते कोणाच्या घरचे हे विचारले जात नसे. हिशेबाला मात्र दोघेही पक्के होते. दूध, गॅस, वीज, भाडे, सारे एका वहीत लिहिले जाई आणि दर रविवारी फेडाफेड होई. व्यापाऱ्याच्या घरची मुले ती. पाच रुपयांचा फरकही निघत नसे.

त्या वहीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे अनामत. ती खर्चात धरली जात नाही, मिळकतीतही धरली जात नाही. ती आपलीच असते आणि दुसऱ्याकडे असते, म्हणून कोणाच्याच वहीत नीट बसत नाही. नोंदणीकृत करारनाम्यात ती असते खरी; मुद्रांक शुल्क मोजताना सरकार त्या बिनव्याजी रकमेवरही वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज कल्पून हिशेबात धरते. परंतु त्या कागदावर भाडेकरूंची नावे दोन आणि अनामतीचा आकडा एक असतो. कोणाचे किती, हे सहसा लिहिले जात नाही. घरमालकालाही त्याच्याशी कर्तव्य नसते. ज्यांना मिळून देणे आहे त्यांपैकी एकाला देऊ केले म्हणजे सर्वांना देऊ केल्यासारखेच, असे १८७२ चा करार कायदाही मानतो. पुढचे ज्याचे त्याने पाहावे.

मे २०१९ मध्ये करार नव्याने झाला. भाडे १८,००० झाले आणि घरमालकाने अनामत एक लाखावर नेली. वरचे २०,००० रुपये ताबडतोब हवे होते. सांगलीचा मुलगा त्या आठवड्यात ऑडिटसाठी परगावी गेला होता. त्याचे वडील, ज्यांना दोन्ही घरांत अण्णा म्हणतात, पुण्याच्या मार्केट यार्डात खरेदीसाठी आलेले होते. त्यांनी तेथेच उभ्या उभ्या घरमालकाच्या नावे २०,००० रुपयांचा धनादेश लिहिला आणि इचलकरंजीच्या मुलाच्या हाती दिला. “निम्मे आमच्याकडून येतील, अण्णा,” तो म्हणाला. “येतील रे, सवडीने. आधी देऊन तर ये,” असे म्हणून अण्णा परतीच्या गाडीला लागले. रात्री त्यांनी मुलाला फोनवर हे सांगितले, आणि सांगलीस पोचल्यावर घरच्या वहीत लिहूनही ठेवले.

सवड मात्र मिळाली नाही. ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गणपती पेठेतील दुकानात साखरेची पोती विरघळली, डाळी फुगून कुजल्या, आणि पाणी उतरल्यावर जो वास राहिला तो कित्येक दिवस गेला नाही. मुलगा पुण्याहून आला तो ऑक्टोबर संपेपर्यंत सांगलीसच राहिला. चिखल उपसणे, पंचनामा, विमा कंपनीचे कागद, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकांच्या दारी जाणे, आणि ज्यांचे देणे होते त्यांच्या समोर बसणे. अण्णांनी भिजलेल्या वह्या गच्चीवर पान पान सोडवून वाळवल्या. काही पानांवरची शाई पसरून निळे डाग तेवढे उरले. काही वाचता येत होती. वाळलेल्या वह्या एका जुन्या धोतरात बांधून माळ्यावर गेल्या.

या काळात खोलीचे भाडे इचलकरंजीच्या मुलाने एकट्याने भरले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर, प्रत्येकी १८,०००. त्यात मित्राच्या वाट्याचे १८,००० गेले. मित्राने एकदा फोनवर विषय काढला होता. “राहू दे रे, आधी घरचं बघ,” एवढेच त्याने उत्तर दिले. ते मनापासून होते, यात संशय नाही. त्या दिवसांत सांगलीकडे जेवणाची पाकिटे आणि चादरी घेऊन जाणाऱ्या टेंपोंत त्याच्या वडिलांचा टेंपोही होता.

नोव्हेंबरात सांगलीचा मुलगा खोलीवर परतला. वही पुन्हा सुरू झाली, परंतु मधले दोन महिने तिच्यात लिहिले गेले नाहीत. लिहायचे कसे? मदत म्हणून लिहावे तर मित्राला ओशाळे वाटणार, उसने म्हणून लिहावे तर दिलेल्या शब्दाला कमीपणा येणार. पाने कोरी सोडून पुढचा रविवार लिहिला गेला.

मार्चअखेर करार संपणार होता आणि खोली सोडायचीच होती; तेवढ्यात टाळेबंदी आली. दोघेही आपापल्या गावी, सामान पुण्यात कुलपात. मेअखेर परवाने काढून दोघे गेले आणि खोली रिकामी करून दिली. घरमालकाने एप्रिल आणि मे यांचे भाडे ३६,०००, रंगकामाचे ७,००० आणि विजेचे १,४०० कापून घेतले. रिकाम्या पडलेल्या खोलीचे भाडे कापले म्हणून दोघेही चिडले. पण घरमालकाचाही गृहकर्जाचा हप्ता थांबलेला नव्हता आणि खोली तर अडलेलीच होती. उरलेले ५५,६०० रुपये त्याने जूनमध्ये इचलकरंजीच्या मुलाच्या खात्यात पाठवले, कारण भाडे नेहमी त्याच खात्यातून जात असे.

पुढचे सारे एका फोनवर घडले. सांगलीच्या मुलाने विचारले, “आले का रे पैसे? निम्मे म्हणजे माझे २७,८०० झाले ना?”

इचलकरंजीचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “हो.”

आता हिशेब पाहावा. अनामतीत सांगलीच्या घराचे ६०,००० होते आणि इचलकरंजीच्या घराचे ४०,०००. कापलेले ४४,४०० दोघांनी सारखे सोसायचे, म्हणजे प्रत्येकी २२,२००. त्या हिशेबाने सांगलीच्या मुलाला ३७,८०० मिळायला हवे होते आणि दुसऱ्याकडे १७,८०० राहायला हवे होते. सांगलीचा मुलगा दहा हजारांनी कमी मागत होता. अण्णांचा धनादेश तो पुराच्या धांदलीत साफ विसरला होता. ज्याच्या हाताने तो धनादेश घरमालकाकडे गेला, तो विसरलेला नव्हता.

मग तो ‘हो’ का म्हणाला? लोभ म्हणावा तर या मुलाने दोन महिने मित्राचे भाडे न मागता भरले होते. खरी गोष्ट अशी की टाळेबंदीत त्याचा पगार कापला गेला होता, सुताचा व्यापार ठप्प होता, आणि नऊ महिन्यांपूर्वी सहज सोडून दिलेले ते १८,००० आता रात्री आठवू लागले होते. मागायला तोंड नव्हते. ‘राहू दे’ म्हणून झाले होते. आणि तेवढ्यात मित्र आपणहून दहा हजार कमी मागतो आहे! त्याने ते मनातल्या मनात वळते करून घेतले. अठरा येणे, दहा राहिले, आठ सोडले. वर आपणच उदार ठरलो, असाही हिशेब त्या एका क्षणात झाला असावा.

व्यापारात वळते करून घेणे नवे नाही. एकाचे येणे दुसऱ्याच्या देण्यात वळते झाल्याशिवाय पेठ चालत नाही. परंतु वळत्याची नोंद दोन्ही वह्यांत पडावी लागते. समोरच्याला ठाऊकच नाही असे वळते कोणतीही पेढी मानीत नाही. पेठेत त्याला निराळे नाव आहे. त्यातला विपर्यास असा की त्याच फोनवर, “तुझे ३७,८०० होतात, पण पुराच्या वेळचे भाड्याचे १८,००० मला आता लागतील रे,” एवढे तो म्हणाला असता, तर सांगलीच्या मुलाला १९,८०० घेऊन गप्प बसावे लागले असते. म्हणजे खरे बोलण्यात त्याचा आठ हजारांचा फायदा होता. ते सोडून त्याने दहा हजारांचे ओझे डोक्यावर घेतले.

दिवाळीत अण्णांनी माळ्यावरचे गाठोडे खाली काढले. निर्वाण लाडू अर्पून झाले होते, नवी वही पुजायची होती, जुन्यांपैकी कोणत्या ठेवायच्या हे पाहणे चालले होते. मे २०१९ चे पान डागाळलेले पण वाचण्याजोगे होते: ‘पुणे खोली अनामत, धनादेशाने, २०,०००.’ पुढे कंसात लहान अक्षरात, निम्मे इचलकरंजीकडून येणे. अण्णांनी मुलाला विचारले, “हे आले का रे?”

मुलाने फोन केला तो चौकशीसाठी. संपला तो भांडणाने.

“तुला माहीत होतं.”

“तू मागितलेस तेवढे दिले.”

“मी विसरलो होतो. तू विसरला नव्हतास.”

“आणि दोन महिन्यांचे भाडे कोण विसरले?”

“ते तर तू मदत म्हणून दिले होतेस!”

यावर पलीकडून फोन ठेवला गेला. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि दोघांनीही आपले अर्धेच सांगितले होते. त्याहून वाईट म्हणजे सांगलीच्या मुलाने भाड्याची गोष्ट घरी सांगितलीच नाही. “तो नाही म्हणतो,” एवढेच त्याने अण्णांना सांगितले. दहा हजार बुडवणारा मित्र घरात माहीत झाला. अठरा हजार भरणारा मित्र माहीत झाला नाही.

मग जे नेहमी होते ते झाले. कोणा नातलगाने वकिलाची नोटीस पाठवण्याचा सल्ला दिला. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, घाई नाही, हेही वर सांगितले. इचलकरंजीच्या घरी एका लग्नाची पत्रिका सांगलीहून आली नाही. दोघांच्या आयांचे दर आठवड्याचे फोन आधी लहान झाले आणि पुढे केवळ सणावारी येऊ लागले. कोणी कोणास काही बोलले नाही. व्यापारी घरांत भांडण असेच होते. आवाज चढत नाही, पत्रिका येत नाही.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला. गणपती पेठेतल्या पाण्याची दृश्ये मोबाईलवर फिरत होती. इचलकरंजीचा मुलगा घरूनच काम करीत होता. त्याने ती दृश्ये थांबवून थांबवून पाहिली. दुकानाची पाटी दिसते का ते शोधले. ‘काय मदत लागेल ती सांग’ असे त्याने लिहिले, आणि ‘मदत’ या शब्दाशी येऊन अडला. शब्द पुसला, मग सारा मजकूर पुसला. त्या घरी तो शब्द आता त्याच्या तोंडी शोभणारा नव्हता.

सप्टेंबरात दशलक्षण पर्व आले. मंदिरे अजून बंद होती. ती पुढे ७ ऑक्टोबरला उघडली. तत्त्वार्थसूत्राचे रोज एका अध्यायाचे वाचन मोबाईलवरूनच ऐकावे लागे. आईने मोबाईल देव्हाऱ्याशेजारी पाटावर उभा करून ठेवला होता. सातव्या दिवशी सातवा अध्याय निघाला. व्रते आणि त्यांचे अतिचार. मुलगा शेजारच्या खोलीत संगणकापुढे होता, दार उघडे होते. सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगताना पंडितजी न्यासापहारावर थांबले. ठेव बुडवणे ही तर चोरी. मग आचार्यांनी ती अचौर्यव्रताच्या अतिचारांत न घालता सत्यव्रताच्या अतिचारांत का घातली, असा प्रश्न त्यांनीच केला. आणि सर्वार्थसिद्धीत आचार्य पूज्यपादांनी न्यासापहाराचा जो अर्थ दिला आहे तो सांगितला: ठेव ठेवणारा आपण किती ठेवले होते ते विसरला, त्याने कमी मागितले, आणि ठेव राखणारा ‘हो, तेवढेच’ असे म्हणाला, तर ते ‘हो’ म्हणणे म्हणजे न्यासापहार. त्यात कोणी कुलूप तोडत नाही, कोणाचा खिसा कापत नाही. मागितले ते देऊन टाकतो. दोष घडतो तो जिभेने, म्हणून तो असत्याच्या पोटात.

पंडितजी पुढच्या अतिचाराकडे वळले. आईने पाहिले तो मुलगा दारात उभा. “काय रे?” तिने विचारले. “काही नाही,” म्हणून तो आत गेला, आणि त्या दिवशी त्याच्या कामात तीन चुका निघाल्या.

अनंत चतुर्दशी झाली. क्षमावाणीच्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर हात जोडलेली चित्रे येऊ लागली. कळत नकळत मन दुखावले असल्यास क्षमा असावी, असा मजकूर आणि खाली फुले. इचलकरंजीच्या मुलाने ते चित्र सर्वांना एकदम पाठवले; त्या यादीत सांगलीचा मित्रही होता. त्याच मिनिटाला सांगलीहून तेच चित्र आले. तीच फुले, तेच शब्द. दोन्ही क्षमा वाटेत एकमेकींना ओलांडून गेल्या आणि दहा हजार जेथे होते तेथेच राहिले. क्षमावाणी हिशेब मिटवण्यासाठी नाही हे खरेच. परंतु हिशेबावर पांघरूण घालण्यासाठी तिचा किती सहज उपयोग होतो, हे प्रत्येक घराला आपापले ठाऊक आहे. सायंकाळी त्याने दुसरा निरोप लिहिला. त्यात फुले नव्हती. ‘तुझे दहा हजार माझ्याकडे आहेत. तू विचारलेस तेव्हा मला माहीत होते. अण्णांना भेटायला येतो.’

मंदिरे उघडल्यानंतरच्या रविवारी तो दुचाकीने निघाला. जयसिंगपूर मागे पडले, अंकलीच्या पुलावरून कृष्णा ओलांडली. पाणी उतरून नदी पात्रात गेली होती. पेठेत दुकान अर्धे उघडे होते. आत भिंतीवर दोन आडव्या रेघा ओढलेल्या होत्या, वरची २०१९ ची, खालची २०२१ ची, आणि त्या दोन रेघांच्या मध्ये दिनदर्शिका टांगलेली.

“जय जिनेंद्र, अण्णा.”

“जय जिनेंद्र. ये, बैस. पाणी घे.”

त्याने पाकीट पुढे ठेवले आणि उभ्या उभ्याच सारे सांगितले: मार्केट यार्डातला धनादेश, जूनमधला फोन, आपले ‘हो’. भाड्याचा शब्दही काढला नाही; काढायचा नाही असे ठरवूनच तो आला होता. सांगलीचा मुलगा गादीच्या कडेला बसून सुतळीचा तुकडा बोटांना गुंडाळीत होता.

अण्णांनी पाकीट उघडले, नोटा मोजल्या. मोजल्यावाचून घेणे हा देणाऱ्याचा अपमान, असे ते मानीत. मग त्यांनी ती डागाळलेली वही मागवली. मेचे पान उघडून ‘येणे’ या शब्दापुढे ‘आले’ असे लिहिले, तारीख घातली. वही मिटता मिटता त्यांचा हात थांबला. त्यांनी पुढची पाने उलटली. जून, जुलै, ऑगस्ट. पुढे पुरानंतर घातलेली नवी वही. सप्टेंबर, ऑक्टोबर. दर महिन्याला ‘पुणे खोली भाडे’ अशी ओळ असे; या दोन महिन्यांत ती नव्हती.

“पुरात तू इथे होतास,” अण्णा मुलाकडे पाहून म्हणाले. “खोलीचे भाडे कोण भरत होते?”

कोणी बोलले नाही.

“तुला विचारतोय.”

“यानेच,” मुलगा म्हणाला. “दोन महिन्यांचे. अठरा हजार.”

“मला का सांगितले नाहीस?”

“तो मदत म्हणाला होता, अण्णा. आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा काय कमी होते?”

“तेव्हाचे सोड. गेल्या दिवाळीत यांचे दहा हजार निघाले, तेव्हा सांगायचे होतेस.” अण्णांचा आवाज चढला नाही, पण दुकानातला हमाल बाहेर जाऊन उभा राहिला. मग त्यांनी पाकीट उचलून इचलकरंजीच्या मुलाकडे सरकवले. “हे घे. आणि वर आठ हजार आमच्याकडून निघतात.”

“नाही अण्णा.” त्याने हात मागे घेतला. “तेव्हा मी खरेच मदत म्हणून दिले होते. उसने नंतर केले, माझ्या मनातल्या मनात. ते मी तुमच्याकडे कसे मागू?”

अण्णा विचारात पडले. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्यांनी उसने बुडालेले पाहिले होते, मदतीचे उसने झालेलेही पाहिले होते. पण आपले दान आपणच बिघडवले असे तोंडावर सांगणारा देणेकरी त्यांच्यापुढे बसला नव्हता. दहा हजार परत द्यावेत तर मुलगा ज्या कामासाठी आला ते फिसकटते. ठेवून घ्यावेत तर घरावर अठरा हजारांचे काय उरते ते ठरत नाही. त्यांनी पाकीट गल्ल्यात टाकले. वही मात्र मिटली नाही; ती फिरवून मुलापुढे ठेवली.

“लिही,” ते म्हणाले. “तुझ्या हाताने.”

“काय लिहू? मदत की उसने?”

“ते तुझे तू बघ.”

मुलाने सुतळी बाजूला ठेवली. मित्र भिंतीवरच्या रेघांकडे पाहत होता, पण त्याचे लक्ष पेनाच्या आवाजाकडे होते. सांगलीच्या मुलाने आजची तारीख घातली. जमेच्या बाजूला मित्राचे पूर्ण नाव लिहिले, नावापुढे ‘सप्टेंबर व ऑक्टोबर २०१९, पुणे खोली भाडे’, आणि १८,०००. तपशिलाच्या जागी पेन बराच वेळ अडले. तेथे त्याने काहीच लिहिले नाही.

अण्णांनी चष्मा लावून ओळ वाचली. “खाली जागा मोकळी सोड,” ते म्हणाले, आणि हमालाला चहा सांगायला पाठवले.